जुन्या सायकलीचे वय कसे ओळखावे?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत वापरातून गेलेली सायकल भंगारवाल्याकडे वजनावर जात असे. घरात मोटारसायकल आली की सायकल आधी ओसरीत, मग गोठ्यात आणि शेवटी काट्यावर, हा तिचा ठरलेला प्रवास होता. आता या मालाला निराळा गिऱ्हाईक मिळू लागला आहे. पुण्या-मुंबईचे शौकीन, सजावटीसाठी जुन्या वस्तू शोधणारे हॉटेलवाले, चित्रपट व मालिकांसाठी सामान गोळा करणारी माणसे खेडोपाडी फिरून जुन्या सायकली विचारतात. पुण्यात ‘विक्रम पेंडसे सायकल्स’ या नावाचे जुन्या सायकलींचे संग्रहालयही उभे आहे. या गिऱ्हाइकाला सायकल चालते की नाही याची फारशी फिकीर नसते. त्याचा पहिला प्रश्न असतो, सायकल कोणत्या सालची? आणि याच प्रश्नाच्या उत्तरावर भंगाराचा भाव आणि शौकाचा भाव यांतील सगळे अंतर अवलंबून असते.

हे उत्तर देण्याची पाळी बहुधा सायकल दुकानदारावर, मिस्त्रीवर किंवा भंगाराच्या व्यापाऱ्यावर येते. आमच्या वाचकांत या तिन्ही धंद्यांतील बंधू पुष्कळ आहेत. उत्तर माहीत नसले तर दोन प्रकारे नुकसान होते. कधी खरोखरच इंग्लंडहून आलेली सायकल किलोवर निघून जाते आणि घरमालक फसतो. कधी १९७० नंतरची देशी सायकल ‘आजोबांच्या वेळची विलायती’ म्हणून विकली जाते आणि गिऱ्हाईक फसतो. दुसऱ्या प्रकारात दुकानाचे नावही जाते.

सांगली जिल्ह्यातील कुंडल आणि त्याच्या शेजारचे किर्लोस्करवाडी हा परिसर या विषयाच्या दृष्टीने मुद्दाम घेण्याजोगा आहे. किर्लोस्करांचा कारखाना सर्वांना माहीत असतो, परंतु त्या घराण्याच्या धंद्याची सुरुवात सायकलच्या दुकानापासून झाली हे पुष्कळांना ठाऊक नसते. लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी १८८८ साली बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पेढी काढली आणि सायकली विकणे, दुरुस्त करणे, एवढेच नव्हे तर गिऱ्हाइकाला चालवायला शिकवणे हा तिचा प्रारंभीचा धंदा होता. त्याच साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले, यावरून तो काळ किती आरंभीचा होता हे कळेल. पुढे बेळगाव सोडावे लागल्यावर औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. अशा भागातील वाड्यांतून, माळ्यांवरून जुनी सायकल निघणे यात नवल नाही. मात्र निघालेली प्रत्येक सायकल तितकी जुनी असते असेही नाही.

वय ठरवण्याची पद्धत सांगण्यापूर्वी एक गोष्ट मनावर ठसवली पाहिजे. सायकल ही एका दिवसात जन्मलेली वस्तू असली तरी एका दिवसाची राहत नाही. चाके बदलतात, चेनव्हील बदलते, मडगार्ड, सीट, पायडल तर दहा-दहा वर्षांनी बदलतात. म्हणून सुट्या भागावरून त्या भागाचे वय कळते, सायकलीचे नव्हे. सायकल म्हणजे तिची फ्रेम. आणि फ्रेमचे वय सांगताना एकच साल शोधत बसण्यापेक्षा दोन कडा शोधाव्यात: ‘याच्या आधीची असू शकत नाही’ ही एक आणि ‘याच्या नंतरची असू शकत नाही’ ही दुसरी. प्रत्येक खूण या दोनपैकी एखादीच कड सांगते. दोन्ही कडा जितक्या जवळ येतील तितके आपले उत्तर पक्के.

पहिली नजर हँडलखालच्या मोनोग्रामवर जाते. तेथे कंपनीचे नाव असते आणि बहुतेक व्यापारी तेवढेच वाचून थांबतात. खरे वाचायचे असते ते नावाखालचे गाव. इंग्लंडमधील सायकल कंपन्या एकमेकींनी विकत घेतल्या, त्यामुळे नाव तेच राहिले आणि कारखान्याचे गाव बदलले. हंबर कंपनीच्या सायकली १९३२ साली नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने घेतल्या. रज-व्हिटवर्थ ही मूळची कव्हेंट्रीची, ती १९४३ साली रॅलेकडे गेली. बीएसएचा सायकल विभाग बर्मिंगहॅमचा, तो १९५७ साली रॅलेने घेतला. म्हणजे रजच्या मोनोग्रामवर कव्हेंट्री असेल तर सायकल १९४३ च्या आधीची आणि नॉटिंगहॅम असेल तर नंतरची. हीच गोष्ट हंबर व बीएसए यांची.

चित्रेही ओळखून ठेवावीत. रॅलेच्या मोनोग्रामवर बगळ्याचे डोके, रजवर चाकात उघडा पंजा, बीएसएवर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. कारण ती कंपनी मूळची बंदुकांची. हंबरचा पुढचा फोर्क प्रत्येक बाजूस जोडनळीचा असतो, तो दुरूनही ओळखता येतो. फ्रेमला रंग मारून मोनोग्राम काढून टाकला असला तरी रॅलेची फ्रेम एका गोष्टीने सापडते. पायडलचा एक्सल ज्या आडव्या नळीतून जातो तिचे आटे रॅलेने इंचाला २६ ठेवले होते, तर इतर बहुतेक इंग्रजी सायकलींना २४ असत. जुन्या मिस्त्रींना हे तोंडपाठ असते, कारण दुसऱ्या कंपनीचा कप बसवताना त्यांची बोटे सोललेली असतात. मात्र ही खूण कंपनी सांगते, साल सांगत नाही.

आता फसगत कोठे होते ते पाहू. स्वातंत्र्यानंतर हीच इंग्रजी नावे भारतात बनू लागली. मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी.आय. सायकल्स ही कंपनी १९४९ साली निघाली. हर्क्युलस, फिलिप्स आणि बीएसए ही नावे तिने येथे चालवली. बंगालमध्ये आसनसोलजवळ सेन-रॅले कंपनीने रॅले, हंबर, रज, रॉबिनहूड या सायकली केल्या. तेव्हा ‘मोनोग्रामवर रॅले आहे म्हणजे विलायती’ हा जो समज आहे तो साफ चुकीचा होय. आमच्या मते आपल्या भागात निघणाऱ्या रॅले-हर्क्युलसपैकी बऱ्याच सायकली देशीच असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. साठ वर्षांची आसनसोलची रॅले हीसुद्धा जपण्यासारखी वस्तू आहे. तिला नॉटिंगहॅमची म्हणून विकणे तेवढे वाईट.

देशी कंपन्यांचीही साले ठाऊक असावीत. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा मोठा कारखाना होता. सोनिपतची ॲटलस १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या १९८० साली संसदेच्या एकाच कायद्याने सरकारने ताब्यात घेतल्या आणि त्यांचा कारभार नव्या सरकारी महामंडळांकडे गेला. म्हणजे मोनोग्रामवर किंवा चेनकव्हरवर ‘हिंद सायकल्स लिमिटेड’ हे पूर्ण नाव छापलेले असेल तर वरची कड सरळ १९८० वर येते. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या जून महिन्यात बंद पडला, तोही नेमका जागतिक सायकल दिनी. त्यामुळे ॲटलसच्या जुन्या सायकलींनाही आता विचारणा होऊ लागली तर आश्चर्य नको.

मोनोग्राम खरा त्याच फ्रेमचा आहे का, हेही तपासावे. तो काढून पाहण्याची गरज नाही. रिव्हेटची भोके नीट पाहिली तरी पुरे. जुनी दोन भोके बुजवून शेजारी नवी पाडलेली असतील, किंवा मोनोग्रामच्या कडेने जुन्या रंगाचा वेगळाच आकार डोकावत असेल, तर मोनोग्राम दुसरीकडून आलेला आहे. नव्याने घडवलेले पितळी मोनोग्रामही हल्ली विकत मिळतात. ऐंशी वर्षांच्या फ्रेमवर काठ धारदार असलेला, अक्षरांच्या खाचांत मळ नसलेला मोनोग्राम दिसला तर संशय घ्यावा.

फ्रेमवरचा नंबर हा दुसरा आधार. तो सीटच्या नळीजवळ किंवा पायडलच्या नळीखाली ठोकलेला असतो. पुष्कळांना वाटते की नंबर कळला की साल कळले. तसे होत नाही. कंपनीची नोंदवही समोर असेल तरच नंबर बोलतो आणि काही कंपन्यांनी एका टप्प्यानंतर नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. नंबराचा आपल्याला खरा उपयोग कागदाशी ताळा करण्यासाठी आहे, त्याचे पुढे सांगतो.

चकाकीवरूनही काही कळते. इंग्लंडच्या सायकलींवर १९३० च्या सुमारापर्यंत निकेलचा मुलामा असे, त्यानंतर क्रोम आले. निकेलला किंचित पिवळसर, ऊबदार झाक असते. क्रोमला निळसर, थंड. उन्हात हँडल धरून पाहिले की फरक दिसतो. पण सावध राहावे. क्रोम चढवताना खाली निकेलचाच थर देतात. क्रोम झिजले की खालचे निकेल उघडे पडते आणि १९५० ची सायकल १९२० ची वाटू लागते. म्हणून झिजलेली जागा पाहू नये, हाताचा स्पर्श न होणारा कोपरा पाहावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, म्हणजे १९३९ ते १९४५ मध्ये, इंग्लंडात क्रोमची टंचाई होती आणि एरवी चकाकणारे भागही काळ्या रंगात निघत. हँडल, क्रँक सारेच मूळ काळे असेल तर तो युद्धकाळाचा पुरावा ठरू शकतो. नंतर कोणी ब्रश मारून काळे केले आहे का, एवढे मात्र खरवडून नव्हे, निरखून पाहावे.

तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब मागच्या चाकात असेल तर काम फार सोपे होते. त्याच्या पत्र्यावर ‘एडब्ल्यू’ ही अक्षरे आणि त्यांच्यालगत सालाचे आकडे ठोकलेले असतात. ५४ आणि ३ असे दिसले तर हब मार्च १९५४ चा. असा हब आपल्याकडे क्वचितच मिळतो. मिळाला तर ग्रीस पुसून आकडे उतरवून घ्यावेत. आकडे हबचे आहेत हे विसरू नये. चाक बदललेले असेल तर फ्रेमला ते लागू नाहीत.

आय.एस.आय. ची खूण ही एक चांगली खालची कड आहे. ही खूण देण्याची पद्धत १९५५ पासून सुरू झाली. ज्या भागावर ती आहे तो भाग त्याआधीचा नाही. तसेच कंपनीच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो मजकूर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. पत्त्यात ‘मद्रास’ ऐवजी ‘चेन्नई’ असेल तर १९९६ नंतरचा. एका मालिकेच्या सेटवर १९४२ सालच्या प्रसंगात पिनकोडवाले चेनकव्हर उभे राहिले, तर हसू येणार ते सायकल भाड्याने देणाऱ्याचेच.

आता ज्या पुराव्याकडे व्यापारी सर्वांत कमी लक्ष देतात, आणि आम्ही ज्याला सर्वांत मोठा मानतो, त्याकडे वळू. तो म्हणजे कर व पावत्या. एके काळी नगरपालिका आणि ग्रामपंचायती सायकलीवर वार्षिक कर घेत आणि कर भरल्याचा पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा बिल्ला देत. बिल्ल्यावर गावाचे नाव, नंबर आणि आर्थिक वर्ष असे. हा बिल्ला हँडलला किंवा मडगार्डला तारेने बांधलेला अजूनही सापडतो. तो वरची कड देतो: १९५८-५९ चा बिल्ला त्याच सायकलीचा असेल तर सायकल त्याच्या नंतरची नाही. कित्येक घरांत जुने बिल्ले खिळ्याला अडकवलेले असतात. सायकल घेताना ‘बिल्ले आहेत का?’ हे विचारावे आणि असतील तर सायकलीबरोबर घ्यावेत. भंगारात त्यांची किंमत काही नाही. सायकलीबरोबर मात्र ते तिच्या जन्मपत्रिकेचे काम करतात.

खरेदीची पावती असेल तर सोन्याहून पिवळे. पावतीवर तारीख नसली, फाटलेली असली, तरी तिचे वय काढता येते आणि आपल्या या भागात तर फारच नेमके. कुंडल हे औंध संस्थानातील गाव होते. औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले. त्यानंतर १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव ‘सांगली’ करण्यात आले. म्हणजे पावतीच्या माथ्यावर संस्थानाचे नाव असेल तर एक काळ, ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर १९४९ ते १९६० हा अकराच वर्षांचा काळ आणि ‘जि. सांगली’ असेल तर त्यापुढचा. दक्षिण सातारा हे नाव आज कोणाच्या तोंडी नाही, पण पावतीवर दिसले तर ते शिक्क्याइतके पक्के समजावे. (जुनी बिलबुके संपेपर्यंत वापरण्याची आपल्या दुकानदारांची सवय लक्षात घेऊन वर एक-दोन वर्षे धरावीत.) त्यात पुन्हा रक्कम पाहावी. रुपये-आणे-पै असा हिशेब असेल तर बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण तेव्हा दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ असे लिहिले असेल तर १९५७ ते १९६४.

हे सारे एकत्र कसे लावायचे, याचे एक उदाहरण कल्पनेने घेऊ. समजा, कुंडलच्या एका घरात काळी बीएसए सायकल आहे. घरचे सांगतात की आजोबांनी प्रतिसरकारच्या काळात हिच्यावरून निरोप पोहोचवले. हे गाव त्या चळवळीचे, तेव्हा सांगणाऱ्याच्या शब्दावर सहज विश्वास बसतो आणि घेणाराही त्या गोष्टीसाठी जास्त पैसे मोजायला तयार होतो. प्रतिसरकारचा काळ १९४३ ते १९४६. आता सायकल बोलते काय ते ऐकू.

मोनोग्राम तीन बंदुकांचा, खाली बर्मिंगहॅम, रिव्हेटची भोके मूळची. म्हणजे इंग्लंडची आणि १९५७ च्या आधीची. येथवर घरच्यांचे म्हणणे टिकते. मागच्या चाकाच्या हबवर ‘मेड इन इंडिया’ आणि आय.एस.आय. ची खूण, म्हणजे हे चाक १९५५ नंतरचे. पण चाक बदललेले असू शकते, त्याने गोष्ट खोटी ठरत नाही. हँडलचे क्रोम मूळचे आणि चकाकते, युद्धकाळची काळी फिनिश नाही. शंका वाढली, पण युद्धापूर्वीची सायकल असू शकेल. बिल्ला १९६२-६३ चा, तो काही नवे सांगत नाही. मग ट्रंकेतून पावती निघते. तारखेचा कोपरा उंदराने खाल्लेला. माथ्यावर ‘जि. दक्षिण सातारा’, रक्कम रुपये-आण्यांत, खाली फ्रेमचा नंबर आणि ‘नवीन सायकल एक’ हे शब्द. नंबर फ्रेमवरच्या नंबराशी जुळतो. संपले. ही सायकल १९४९ ते १९५७ या दरम्यान नवी विकली गेली. प्रतिसरकारच्या काळात ती या घरात नव्हती.

येथे ‘नवीन’ हा एक शब्द किती मोलाचा आहे पाहा. तो नसता तर आजोबांनी ती जुनी घेतली असण्याची वाट उघडी राहिली असती. आजोबांनी निरोप पोहोचवलेच नाहीत असे मात्र यातून सिद्ध होत नाही. कदाचित त्यांनी ते दुसऱ्या सायकलीवरून पोहोचवले असतील, कदाचित पायी. आपण सायकलीचे वय सांगणारे, माणसाच्या आठवणीचा निवाडा करणारे नव्हे. घरच्यांना पावती दाखवून हे नीट समजावून सांगावे आणि गिऱ्हाइकाला पावतीप्रमाणेच सांगावे. पावती बाजूला ठेवून गोष्ट विकली तर चार पैसे जास्त मिळतील हे खरे. पण आजचा शौकीन वाचलेला असतो, त्याच्याकडे पुस्तके आणि छायाचित्रे असतात. तो सहा महिन्यांनी दारात येतो आणि मग गावभर बोलतो. उलट मूळ पावतीसह, नंबर जुळणारी बर्मिंगहॅमची बीएसए ही स्वतःच चांगली किंमत मिळवणारी वस्तू आहे. तिला उसन्या इतिहासाची गरज नाही.

गिअरच्या शर्यती सायकलींबद्दल थोडक्यात. त्या आपल्याकडे शहरांतच जास्त सापडतात. त्यांच्या फ्रेमवर ‘रेनॉल्ड्स ५३१’ ही पट्टी असली तर नळी चांगल्या प्रतीची आणि १९३५ नंतरची, कारण ती जात त्या साली बाजारात आली. जपानी शिमानो कंपनीच्या भागांवर मागच्या बाजूस दोन अक्षरे असतात: पहिले सालाचे, दुसरे महिन्याचे. साल ‘ए’ म्हणजे १९७६, ‘बी’ म्हणजे १९७७, असे पुढे; महिना ‘ए’ म्हणजे जानेवारी. ‘एफसी’ असेल तर मार्च १९८१. मात्र २६ अक्षरे संपल्यावर २००२ पासून पुन्हा ‘ए’ आले, म्हणून ‘एफसी’ हे मार्च २००७ सुद्धा असू शकते. भागाची घडण पाहून दोहोंतील एक निवडावे. सव्वीस वर्षांचा फरक डोळ्यांना कळतो.

शेवटी हाताळणीबद्दल. सायकल दुकानात आली की पहिल्याच दिवशी सँडपेपर आणि रंगाचा डबा काढण्याची आपल्या कारागिरांना घाई असते. तसे मुळीच करू नये. सोनेरी रेघा, कंपनीचा छाप, दुकानदाराची चिकटपट्टी, सारे त्यात जाते आणि त्याबरोबर वयाचा पुरावाही जातो. मऊ फडक्याने धूळ पुसावी, पायडलच्या नळीखालचा चिखल लाकडी काडीने काढावा, नंबर उतरवावा, छायाचित्रे घ्यावीत. बदललेला भाग काढला तरी फेकू नये, पिशवीत बांधून सायकलीबरोबर द्यावा. विक्रीच्या पावतीवर स्वच्छ लिहावे: फ्रेम कोणत्या कारखान्याची, नंबर काय, कोणत्या दोन सालांच्या दरम्यानची, ते कशावरून ठरवले आणि कोणते भाग नंतरचे आहेत. ‘अंदाजे’ हा शब्द जेथे खरा आहे तेथे लिहायला लाजू नये. वरच्या उदाहरणातील सायकलीची पावती आम्ही अशी करू: “बीएसए, बर्मिंगहॅम, मूळ खरेदीपावतीसह, १९४९ ते १९५७ दरम्यान नवी घेतलेली, मागचे चाक भारतीय, १९५५ नंतरचे, बिल्ला १९६२-६३ सोबत.”